पडल्याचा दाखला

रोझी अमोलिकच्या सहीखाली एक आडवी रेघ असायची. कामावरच्या प्रयोगशाळेतल्या स्टीलच्या पट्टीनं तिनं ती मोजली, तेव्हा बँकेतल्या जुन्या नमुन्यावर ती चौतीस मिलिमीटर भरली. डावीकडून सरळ जाणारी आणि शेवटी जेमतेम तीन मिलिमीटर वर उचललेली. कर्जाच्या करारनाम्यावरची रेघ एकवीस मिलिमीटरची होती. तिला सात ठिकाणी हिसके बसले होते, आणि टोक वर जाण्याऐवजी खाली घसरलं होतं. दोन्ही सह्यांच्या झेरॉक्स शेजारी-शेजारी लावून नव्या फायनान्स कंपनीनं खाली एक ओळ छापली होती : सहअर्जदाराची सही जुळत नाही, प्रकरण परत.

त्या तेरा मिलिमीटरमध्ये सतरा हजार सातशे रुपये गेले होते.

बेलापुरातलं त्यांचं दोन खोल्यांचं स्लॅबचं घर सहा वर्षांपूर्वी एका कंपनीच्या कर्जावर उभं राहिलं होतं. चौदा टक्के व्याज. विल्सन पिकअप चालवायचा, कांदा आणि भाजीपाला वाहायचा. त्याच्या कमाईला कागद नव्हता, म्हणून बँकांनी तेव्हा दारात उभं केलं नव्हतं. गेल्या दिवाळीनंतर श्रीरामपूरच्या दुसऱ्या एका कंपनीनं सांगितलं, की बायकोच्या पगाराची स्लिप जोडली तर कर्ज आमच्याकडं फिरवून घेऊ, पावणेदहा टक्क्यांनी. बाकी उरली होती नऊ लाख. हप्ता महिन्याला तेवीसशे रुपयांनी उतरणार होता. प्रोसेसिंग फी तेवढी आगाऊ भरायची होती, पंधरा हजार आणि वर जीएसटी. ती रोझीनं स्वतःच्या मोबाईलवरून भरली.

ते पैसे तिनं कशासाठी साठवले होते हे विल्सनला ठाऊक नव्हतं. श्रीरामपुरात ती माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत काम करायची. तिथून चालत आठ मिनिटांवर एक खोली होती. भाडं साडेतीन हजार, डिपॉझिट पंधरा. घरमालकीण चर्चमधली ओळखीची म्हातारी होती. रोझी ती खोली तीनदा पाहून आली होती. निर्णय तिच्या मनात कधीच झाला होता, बोलायचा तेवढा राहिला होता. आधी लेकीची, क्रिस्टीनाची, दहावी होऊ दे म्हणून राहिला, मग बारावी, मग तिची नगरची नर्सिंगची अ‍ॅडमिशन, मग सासूच्या डोळ्याचं ऑपरेशन. डिपॉझिट पुरं झालं तेव्हा नेमकी ही फी पुढ्यात आली, आणि रोझीनं पुन्हा स्वतःची समजूत घातली. हप्ता उतरला तर कदाचित माणसाचा पाराही उतरेल. कदाचित हा शब्द तिच्या कामात चालत नाही. घरात मात्र तिनं तो एकोणीस वर्षं चालवून घेतला.

करारावर सह्या व्हायच्या होत्या सोमवारी, तेरा जानेवारीला. आदल्या दिवशी दुपारी, चर्चहून आल्यावर, तिनं मंजुरीचं पत्र पहिल्यांदा पुरं वाचलं. गॅसवर कोंबडीचा रस्सा होता. विल्सन अंगणात पिकअपचं मागचं चाक खोलून बसला होता. मंजूर रक्कम अकरा लाख होती. तिनं चर्चच्या पत्रकाच्या पाठीमागं आकडेमोड केली, दोनदा तपासली, आणि उंबऱ्यात येऊन विचारलं, "हे दोन लाख जास्तीचे कशाचे?"

"टॉप-अप हाय. अजून एक गाडी घ्यायचीय."

"मग हप्ता उतरत नाही. त्रेपन्न रुपयांनी वाढतो."

विल्सन आधी हसला. शेजारी ऐकू जाईल असं म्हणाला, "बीएस्सी बाई केली, तिथंच माझं दिवाळं निघालं. बघा, त्रेपन्न रुपये मोजती." मग उठला. त्याच्या हातात टॉमी होती, रिमवरून टायर उचकटायची हातभर लांबीची लोखंडी कांब. त्यानं ती बाजूला ठेवली असती तरच रोझीला नवल वाटलं असतं. पहिला वार डोक्यावर यायचा होता. तिनं उजवा हात आडवा धरला. वाळकी तुराटी गुडघ्यावर मोडावी तसा आवाज झाला, आणि हा आवाज आपल्यातून आला हे तिला अर्ध्या क्षणानं कळलं. दुसरा वार कमरेवर बसला. तिसरा चुकून चौकटीवर गेला, लाकडाचा ढलपा उडाला, तेव्हा चिडून त्यानं लाथ घातली. ती आत, ओट्याच्या पायाशी जाऊन आदळली. पातेलं कलंडलं आणि उकळता रस्सा तिच्या पायावरून फरशीभर पसरला.

साळूबाईनं, तिच्या सासूनं, पहिल्यांदा गॅस बंद केला. मग सुनेजवळ बसून पदरानं तिचा पाय टिपला आणि हळू म्हणाली, "पडली म्हन."

साळूबाई तेवढ्यावर थांबली नाही. तिनं समजावलं, की सरकारी दवाखान्यात गेलं की ते लगेच पोलिसाला कळवतात, वर्दी जाते, पंचनामा होतो. त्यापेक्षा आसारामाकडं जाऊ. तो कागद करत नाही.

गावाबाहेरच्या वस्तीवर राहणारा आसाराम हाडं बसवायचा. त्याचा बापही बसवायचा. अमोलिकांच्या घरातलं कुठलंच हाड कधी दवाखान्यात गेलं नव्हतं. आसारामानं रोझीचा हात मांडीवर घेतला, कोपरापासून मनगटापर्यंत करंगळीच्या अंगानं एक-एक बोट दाबत आला, मधोमध थांबला. तिथं बोट रुतलं.

"पडल्यावर मनगट मोडतं, बाई. न्हाईतर खांदा निखळतो," तो म्हणाला. "ह्या अंगचं हाड असं मधीच मोडलं, म्हंजे मानसानं हात आडवा घातला व्हता."

"फरशीवर पडली," साळूबाई म्हणाली.

"फरशी." त्यानं तो शब्द जिभेवर घोळवला. "कुनी बसवली ही फरशी?"

दाराशी विल्सन पिकअपला टेकून मोबाईल बघत होता. आसारामानं हात ताणला. रोझीच्या डोळ्यांपुढचं सगळं पांढरं झालं आणि मग एकेक वस्तू परत आली, आधी कौलं, मग त्याची मिशी, मग सासूचे पाय. अंड्याच्या बलकात भिजवलेली पट्टी आणि बांबूच्या चार कामट्या बांधून त्यानं सहा आठवडे सांगितले.

मंजुरीची मुदत संपत होती पाच दिवसांत.

सोमवारी कंपनीच्या शाखेत विल्सननं बायकोच्या बोटांत स्वतः पेन धरून दिलं. त्याचा तळवा तिच्या पाठीवर होता, प्रेमळ माणसाचा असतो तसा, आणि त्याच्या अंगठ्याखाली कमरेवरचा निळा वळ होता. दर अक्षराला तो अंगठा थोडा रुतायचा. सातवा हिसका रेघेच्या अगदी शेवटी बसला. दोन लाखांबद्दल ती तिथं बोलली नाही. बोलायला जीभ शाबूत होती, पण सबंध अंग त्या अंगठ्याकडं लक्ष ठेवून होतं. गुरुवारी फाइल परत आली. शुक्रवारी मुदत संपली. कर्ज फिरलं नाही, जुन्या कंपनीचा चौदा टक्क्यांचा हप्ता जागच्या जागी राहिला, आणि कंपनीनं कळवलं, की प्रकरण ग्राहकाच्या बाजूनं अपुरं राहिल्यामुळं फी परत मिळणार नाही.

विल्सन पुढच्या सोमवारी फी मागायला गेला. जाताना टॉमी घेऊन गेला. शाखेत काय झालं ते रोझीला त्यानंच घरी येऊन चवीनं सांगितलं, जेवताना. वॉचमननं दारात अडवलं, तर त्याची कॉलर धरून कपाळ भिंतीवर आपटलं. त्याच्या चष्म्याची काच भुवईत घुसली. आत मॅनेजरच्या टेबलावरची काच एका फटक्यात फोडली, तुकडे साहेबाच्या चहात पडले. साहेब उभा राहून हात जोडायला लागला. विल्सननं त्या हातांची नक्कल करून दाखवली आणि भाकरी मोडली. पोलिसांत कोणी गेलं नाही याचं त्याला कौतुक वाटत होतं, आपल्या दहशतीचं. खरं कारण वेगळं होतं. सहअर्जदाराला न विचारता दोन लाखांचा टॉप-अप चढवलेली फाइल वरच्या ऑफिसनं उघडू नये, एवढीच मॅनेजरची इच्छा होती.

ते मॅनेजर गहिनीनाथ आव्हाड, पाथर्डीकडचे. त्यांनी विल्सनला एक वाट मात्र दाखवली होती. नियमात एक पोटकलम होतं. अपघात किंवा आजारपणामुळं मुदत हुकली आणि तसा वैद्यकीय पुरावा जोडला, तर फी परत देता येते. अर्ज सहअर्जदाराचा हवा, कारण हात तिचा मोडला होता आणि पैसेही तिच्याच खात्यातून आले होते.

"तुझ्या हातानं गेले," विल्सन म्हणाला, "तुझ्याच हातानं आन."

त्यानंतर पाच तारीख आली. दर पाच तारखेला सकाळी हप्ता कापल्याचा मेसेज यायचा. पाच फेब्रुवारीला विल्सननं मेसेज तिला वाचून दाखवला, तेवीसशे जास्तीचे गेले म्हणाला, आणि पट्टा काढला. दोन लाखांच्या टॉप-अपमुळं ते तेवीसशे उरणारच नव्हते हे दोघांनाही माहीत होतं. पट्ट्याचं बक्कल पाठीच्या कण्यावर दोन वेळा लागलं. पाच मार्चला आधी पट्टा होता, मग केस धरून भिंत. डाव्या कानात दोन दिवस गिरणीसारखी घरघर होती. आठ दिवस ती डोक्यावर ओढणी घेऊन कामाला गेली आणि कोणी विचारलं की थंडीचं नाव सांगायची. मार्चमध्ये.

हात भरत आला होता. कामट्या सुटल्या. पण आसारामाकडं लेटरपॅड नव्हतं, आणि त्याच्या तोंडच्या शब्दाला कंपनीत किंमत नव्हती. म्हणून मार्चअखेरीस, दुपारच्या सुट्टीत, रोझी एकटीच श्रीरामपुरातल्या एक्स-रे सेंटरला गेली. फिल्म उजेडावर धरली तेव्हा तिला आपलं हाड दिसलं. करंगळीच्या अंगाला, मधोमध, सुतळीला गाठ मारावी तसा फुगवटा. शेजारचं अंगठ्याच्या बाजूचं हाड नितळ, त्याला ओरखडासुद्धा नव्हता. मनगटही तसंच. पडण्याची एकही खूण तिथं नव्हती. रिपोर्टवर डॉक्टरांनी फक्त काय दिसतं ते लिहिलं होतं. हाड मोडून जुळलेलं, साधारण अडीच महिन्यांपूर्वीचं. कशानं मोडलं तो रकाना नव्हताच.

तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली. प्रयोगशाळेत एकदा एक माणूस चोपण, खारवट झालेल्या जमिनीची माती घेऊन आला होता. सामू, म्हणजे पीएच, निघाला आठ पूर्णांक नऊ. त्याला जमीन विकायची होती. साडेसात लिहा म्हणाला, टेबलावर दोन हजार ठेवले. रोझीनं पैसे त्याच्या पिशवीत परत ठेवले आणि सांगितलं, की आकडा मी लिहीत नाही, यंत्र लिहितं, मी फक्त उतरवते. प्रयोगशाळेच्या मालकानं तेव्हा सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली होती. त्याच पाठीवर आता बक्कलाचे दोन चौकोन होते, आणि ती पडले म्हणून सांगायच्या तयारीनं फिल्म पिशवीत घालत होती.

कारण साधं होतं. म्हाताऱ्या घरमालकिणीनं पंधरा एप्रिलपर्यंत खोली राखून ठेवते म्हटलं होतं. फी परत आली की डिपॉझिट. एक वाक्य लिहायचं, पैसे घ्यायचे, आणि निघायचं. तिनं ते वाक्य बसमध्ये मनात लिहून पाहिलं. पाय घसरून पडल्यामुळे. तीन शब्द, जवळपास सहा हजारांना एक.

पाच एप्रिलला शनिवार होता. मेसेज सकाळी आला. विल्सननं त्या दिवशी पट्टा शोधला नाही. ओट्यावर दगडी खलात साळूबाई लसूण कुटत होती, तिच्या हातातला लोखंडी बत्ता त्यानं ओढून घेतला.

साळूबाई मध्ये आली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. कशी आली ते तिलाही सांगता आलं नसतं. ऑपरेशन झालेल्या डोळ्यावर काळा चष्मा, लसणाचे हात पुढं केलेले. "हात आत्ता कुठं भरलाय तिचा," ती म्हणाली, "थोडं दमानं घे की रे."

बत्ता तिच्या उजव्या हातावर आला. मधली तीन बोटं भिंत आणि बत्ता यांच्यामध्ये सापडली. काळा चष्मा पडला, आणि विल्सननं मागं सरताना त्यावर पाय दिला. साळूबाई बोटांकडं बघत राहिली, ती कोणा दुसऱ्याची असावीत तशी. मधलं बोट मागच्या बाजूला वळलं होतं. भिंतीवर लसूण आणि रक्त एकत्र माखलं होतं. विल्सननं बत्ता खलात टाकला, आईला म्हणाला, "तू कशाला कडमडतीस मधी," आणि गाडी काढून काष्टीच्या बाजाराला निघून गेला. शनिवारचा तो बाजार तो कधी चुकवत नसे.

रोझीनं रिक्षा बोलावली. दवाखान्यात चला म्हणाली. साळूबाईनं रिक्षावाल्याला वस्तीचा रस्ता सांगितला.

आसारामानं दोघींना बघून चटई टाकली. म्हातारीचा हात घेतला, बोटं सरळ करायला लागला. तिला आधार म्हणून त्यानं दुसरा, डावा हात धरला, आणि त्याचा अंगठा त्या हातावर मधोमध थांबला. तिथं एक जुनी गाठ होती. रोझीनं ती रोज पाहिली होती, पीठ मळताना, धुणं पिळताना. म्हातारपणाची समजून सोडून दिली होती.

"हे माझ्या बापानं बांधलेलं, चाळीस वर्सांमागं," आसाराम म्हणाला. "म्या तवा कामट्या तासून देत व्हतो. आत्ता काय झालं, मावशी?"

"पडले," साळूबाई म्हणाली.

"आन तवा?"

"तवाबी पडले व्हते. फरशीवर."

आसारामानं तिच्या तोंडाकडं पाहिलं. "तवा तुमच्या घरात फरशी कुठं व्हती, मावशी? शेनानं सारवलेली भुई व्हती. म्या आलेलो की तुमच्याकडं."

साळूबाईच्या ऑपरेशन झालेल्या डोळ्यातून पाणी वाहत होतं, दुसरा डोळा कोरडा होता. आसारामानं बोट जाग्यावर ओढलं, खटकन् आवाज आला, म्हातारीनं दात आवळले. बांधून झाल्यावर तो रोझीकडं वळून म्हणाला, "ती फरशी उपटून टाका, बाई. घरातल्या सगळ्या बायका पाडती ती."

परतीच्या रिक्षात साळूबाई सुनेच्या खांद्यावर डोकं ठेवून होती. रोझी दोन गाठी मोजत होती, एक फिल्मवरची, एक शेजारच्या हातावरची. दोन्ही करंगळीच्या अंगाला. दोन्ही कोपरापासून चार-साडेचार इंचांवर. मध्ये चाळीस वर्षं होती, आणि कारण शब्दाला शब्द तेच होतं. क्रिस्टीनाचे हात लांबसडक होते, बापावर गेलेले. तिच्या हातावर ती जागा कुठं येईल याचा हिशेब रोझीच्या डोक्यात आपोआप झाला, आणि तिनं तो मध्येच थांबवला.

सोमवारी, सात एप्रिलला, विल्सन तिला घेऊन शाखेत गेला. वॉचमन तोच होता. भुवईवर टाक्यांची खूण, चष्म्याची काडी चिकटपट्टीनं जोडलेली. विल्सन दिसताच तो दोन पावलं मागं सरला, आणि विल्सननं जाता-जाता त्याच्या गालावर दोन बोटांनी हलकी चापट मारली, ओळखीच्या माणसाला मारावी तशी. "बरा हाय का?" वॉचमन हो म्हणाला.

आव्हाडांच्या टेबलावर काचेच्या जागी प्लायवूड होतं. कडा अजून तासलेल्या नव्हत्या. त्यांनी चहा मागवला, एक्स-रेचं पाकीट घेतलं, रिपोर्ट वाचला, आणि दिलखुलास सुटकेनं म्हणाले, की एवढा पुरावा भरपूर आहे. आता फक्त अर्ज. आधी त्यांनी कोऱ्या कागदावर रोझीची सही घेतली. तिचा हात सरळ गेला, रेघ शेवटी वर उचलली गेली. आव्हाडांनी जुन्या नमुन्याशेजारी ती धरली.

"जुळली," ते म्हणाले. "ताई, दहा दिवसांत तुमच्या खात्यावर जमा. मी स्वतः पाठपुरावा करतो."

दहा दिवसांनी सतरा तारीख येत होती. खोली पंधरापर्यंत होती. म्हातारी दोन दिवस थांबली असती. रोझीनं तेही मनाशी धरलं, आणि अर्ज पुढं ओढला. नाव लिहिलं. कर्ज प्रकरण क्रमांक लिहिला. इजा झाल्याची तारीख, बारा जानेवारी. त्याखाली दोन ओळींचा रकाना होता : इजेचे कारण. आणि अगदी तळाशी, साक्षीदार, तिथं आव्हाडांनी पेन्सिलनं बारीक फुली करून ठेवली होती.

"तिथं मिस्टर सही करतील," ते म्हणाले. "घरातल्यानं बघितलेलं असलं की प्रश्न राहत नाही. कारणात लांबण लावू नका. पाय घसरून पडल्यामुळे, बास."

पेनाचं टोक कागदाला टेकलं होतं. शाईचा एक ठिपका हळूहळू पसरला, एक मिलिमीटर, दीड. रोझीनं त्या ठिपक्यावरून खालच्या फुलीकडं पाहिलं. पडल्यामुळे, असं ती लिहिणार. आणि ज्यानं पाडलं नव्हतं, मोडलं होतं, तो खाली सही करणार, की होय, मी पाहिलं. तारीख तीच, हाड तेच. हा कागद कंपनीच्या कपाटात जाईल आणि तिथं तिच्यापेक्षा जास्त जगेल. उद्या ती कुठंही उभी राहून काही बोलली, तर कोणीतरी हाच कागद काढून तिच्यासमोर धरील. तुमचंच अक्षर, बाई. सही जुळते.

विल्सननं तिच्या मानेमागं हात ठेवला. अंगठा कानाखाली, हाडाच्या खाचेत. "लिही की," तो आव्हाडांकडं बघून हसत म्हणाला. "बीएस्सी हाय साहेब आमची, पर एक ओळ लिवायला तास लागतो."

आव्हाडही हसले, पण त्यांचा हात प्लायवूडच्या कडेवरून हलला नाही. दारातला वॉचमन आत बघत होता. अंगठा रुतला. डाव्या कानातली घरघर पुन्हा सुरू झाली. आवाज नेमका कुठून येतो ते रोझीला कळत होतं, किती जोर लागला की थांबतो तेही कळत होतं, आणि पहिल्यांदाच तिचं सगळं अंग त्या अंगठ्याकडं लक्ष देईना. तिनं पेनला टोपण लावलं. टोपण बसल्याचा बारीक आवाज झाला. एक्स-रेचं पाकीट तिनं टेबलावरून उचलून छातीशी धरलं.

"लिहिलं नाही?" आव्हाडांनी विचारलं.

"नाही," रोझी म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण वॉचमनपर्यंत पोचत होता. "मी पडले नाही. माझ्या सासूबाई पडल्या नाहीत, परवाही नाही आणि चाळीस वर्षांपूर्वीही नाही. आमच्या घरात कोणी कधीच पडलं नाही. बारा जानेवारीला दुपारी सव्वा वाजता यांनी टॉमीनं माझा हात मोडला, त्या हातानं केलेली सही जुळली नाही, आणि विल्सन, तुमचा अंगठा माझ्या मानेवरनं काढा. फी राहू द्या, साहेब. मी इथनं पोलीस स्टेशनला जाणार आहे, आणि आज संध्याकाळी मी घरी येणार नाही."